बंद म्हणजे किती बंद? : गीझरचा स्विच आणि आपली सुरक्षितता

प्रस्तावना

एके काळी अनेक मराठी घरांत आंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापत असे. बंबाच्या मधल्या नळीत ढलप्या, गोवऱ्यांचे तुकडे किंवा कोळसा घालून जाळ करीत. धूर दिसे, निखारा दिसे, धग अंगाला लागे. बंबाजवळ जपून वावरावे, हे लहान मुलालाही फारसे शिकवावे लागत नसे. आज त्या बंबाची जागा बहुतेक ठिकाणी विजेच्या गीझरने घेतली आहे. आइसलँडमधील 'गेसिर' या उष्ण पाण्याच्या कारंज्यावरून हा शब्द इंग्रजीत आला आणि तेथून आपल्या न्हाणीघरात पोहोचला. भिंतीवरचे बटण दाबले की काही मिनिटांत पाणी तापते. धूर नाही, राख नाही, जाळ नाही. सोय वाढली, परंतु धोका नाहीसा झाला नाही, तो केवळ दिसेनासा झाला.

न्हाणीघरात आपले अंग ओले असते, पाय अनवाणी असतात आणि जमीनही ओली असते. कोरडी त्वचा विजेला बराच अडथळा करते. ओल्या त्वचेचा अडथळा फार कमी होतो. म्हणून इतरत्र केवळ झिणझिणी आणणारा दोष येथे प्राणघातक ठरू शकतो. या खोलीतील वीज पूर्णपणे तोडता यावी यासाठी जो स्विच बसवतात, त्याची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• साधा स्विच आणि गीझरचा दुहेरी स्विच यांतील फरक सांगू शकाल;
• गीझरच्या जोडणीत तार, एमसीबी, अर्थिंग व आरसीसीबी यांचे कार्य स्पष्ट करू शकाल;
• दोषाची लक्षणे ओळखून योग्य निर्णय घेऊ शकाल;
• 'बंद' आणि 'विलग' या शब्दांतील अर्थभेद समजावून देऊ शकाल.

मूळ पाठ

१. 'बंद' या शब्दाचे दोन अर्थ

घरातील कोणत्याही उपकरणाकडे वीज दोन तारांतून येते-जाते. ज्या तारेवर विजेचा दाब असतो तिला फेज म्हणतात. प्रवाहाचे मंडल पूर्ण करणाऱ्या दुसऱ्या तारेला न्यूट्रल म्हणतात. तिसरी तार अर्थिंगची. ती नेहमीच्या कामात भाग घेत नाही. संकटकाळी मात्र तीच धावून येते.

दिव्याचा साधा स्विच या तारांपैकी फक्त एक तार तोडतो. ती तार फेजची असावी, असा नियम आहे. नियम पाळला असेल तर स्विच बंद केल्यावर दिव्यापर्यंत विजेचा दाब पोहोचत नाही. पण जुन्या घरात वा घाईने केलेल्या दुरुस्तीत फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली असली तर काय होईल? स्विच बंद केला की न्यूट्रल तुटेल आणि उपकरण थांबेल. फेज मात्र उपकरणाच्या आतपर्यंत जिवंत राहील. पाणी तापत नाही, दिवा लागत नाही, म्हणून वीज गेली असे समजून कोणी आतल्या तारेला हात लावला, तर अनर्थ ओढवेल.

न्यूट्रल तारही सदैव निरुपद्रवी असते असे मानू नये. खांबापासून घरापर्यंतच्या मार्गात ती कोठे तुटली, तर घरातील इतर चालू उपकरणांतून विजेचा दाब तिच्यावर येऊ शकतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. 'बंद होणे' म्हणजे काम थांबणे आणि 'विलग होणे' म्हणजे वीजपुरवठ्याशी असलेला संबंध पूर्णपणे तुटणे. या दोन गोष्टी एकच नव्हेत. गीझरसारख्या उपकरणासाठी नुसते थांबणे पुरत नाही. म्हणून त्याला फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारा दुहेरी स्विच बसवतात. बाजारात तो 'डीपी स्विच' या नावाने मिळतो. त्यावर बहुधा एक लहान लाल दिवा असतो.

ब्रिटनमधील घरांत हेच तत्त्व वेगळ्या रूपात दिसते. तेथील विजेचे शॉवर पाणी साठवत नाहीत, वाहत्या पाण्यालाच तापवतात. त्यासाठी साधारण ८.५ ते १०.५ किलोवॅट इतकी मोठी शक्ती लागते आणि तारेतून ३७ ते ४६ अँपिअर प्रवाह वाहतो. असा शॉवर विलग करण्यासाठी पुष्कळ घरांत न्हाणीघराच्या छतावर दुहेरी स्विच बसवतात आणि त्याला लोंबती दोरी जोडतात. ओला हात लागतो तो दोरीला. स्विच त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. आपल्याकडे स्विच न्हाणीघराच्या दाराबाहेर बसवणे हा त्यावरील सोपा उपाय आहे. दोन्ही पद्धतींचा हेतू एकच : ओला हात स्विचपर्यंत पोहोचू नये आणि स्विच बंद झाला की दोन्ही तारा तुटाव्यात.

पाठगत प्रश्न १
(अ) साधा स्विच किती तारा तोडतो? डीपी स्विच किती?
(आ) फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झाली तर कोणता धोका संभवतो?

२. पेटीपासून गीझरपर्यंत

उपकरणाची शक्ती वॅटमध्ये मोजतात. तिला विजेच्या दाबाने भागले की प्रवाह मिळतो. भारतात घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट मानला जातो. पाणी साठवून तापवणारा गीझर सामान्यतः २,००० वॅटचा असतो. २,००० भागिले २३० म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर. पाणी तत्काळ तापवणारा लहान गीझर बहुधा ३,००० वॅटचा असतो. त्याला सुमारे १३ अँपिअर लागतात. दिव्या-पंख्यांसाठी वापरला जाणारा ६ अँपिअरचा स्विच किंवा सॉकेट या दोहोंपैकी एकालाही पुरा पडत नाही.

म्हणून गीझरची जोडणी विजेच्या पेटीपासूनच स्वतंत्र असावी. पेटीतील एमसीबी, तेथून तांब्याची तार, दाराबाहेरचा डीपी स्विच आणि शेवटी गीझर, असा हा मार्ग असतो. २,००० वॅटच्या गीझरसाठी तांब्याची तार किमान २.५ चौरस मिलिमीटरची हवी. ३,००० वॅटचा गीझर असेल किंवा अंतर लांब असेल, तर ४ चौरस मिलिमीटरची तार घेणे हिताचे. डीपी स्विच २० अँपिअर किंवा त्याहून अधिक क्षमतेचा असावा आणि प्रत्येक वस्तूवर आयएसआय चिन्ह असावे.

घरातील तारांत सामान्यतः लाल, पिवळा किंवा निळा रंग फेजसाठी, काळा न्यूट्रलसाठी आणि हिरवा अर्थिंगसाठी वापरतात. उपकरणासोबत येणाऱ्या लवचीक तारेत मात्र तपकिरी रंग फेजचा, निळा न्यूट्रलचा आणि हिरवा-पिवळा अर्थिंगचा असतो. निळा रंग एके ठिकाणी फेज, तर दुसऱ्या ठिकाणी न्यूट्रल दर्शवतो. तेव्हा केवळ रंगावर विसंबून जोडणी करू नये; तपासूनच करावी.

एमसीबी हा तारेचा रक्षक आहे. तारेला पेलणार नाही इतका प्रवाह वाहू लागला की तो आपोआप पडतो. तो वारंवार पडतो म्हणून १६ अँपिअरच्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी बसवणारे लोक आढळतात. हा उपाय नव्हे. चोर आला म्हणून कुत्रा भुंकतो. भुंकणे ऐकवत नाही म्हणून कुत्र्यालाच हाकलावे, तसे हे झाले. त्यानंतर तार तापेल, तिचे आवरण वितळेल आणि भिंतीच्या आत आग धुमसू लागेल. सूचना देणारा मात्र कोणी उरणार नाही.

३. सैल स्क्रूचा प्रताप

गीझरच्या स्विचमध्ये सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे सैल पडलेला स्क्रू. तार स्क्रूखाली घट्ट दाबलेली नसली की त्या बारीकशा जागी प्रवाहाला रोध निर्माण होतो आणि उष्णता तयार होऊ लागते. या उष्णतेचा नियम असा : प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणावे. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते.

समजा, सैल सांध्याचा रोध केवळ ०.१ ओहम आहे. २,००० वॅटच्या गीझरमुळे त्या जागी सुमारे ७.५ वॅट, तर ३,००० वॅटच्या गीझरमुळे सुमारे १७ वॅट उष्णता निर्माण होईल. ४० अँपिअर घेणाऱ्या ब्रिटिश शॉवरच्या स्विचमध्ये हाच आकडा १६० वॅटवर जाईल. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर कथील वितळवण्यासाठी जे सोल्डरिंगचे लोखंड वापरतो, ते साधारण २५ वॅटचे असते. तेवढ्याच्या जवळपास पोहोचणारी उष्णता बंद डबीत, प्लॅस्टिकला चिकटून रोज निर्माण होत राहिली, तर काय घडेल हे वेगळे सांगायला नको. शिवाय उष्णतेने धातू प्रसरण पावतो, थंड झाल्यावर आकुंचन पावतो. त्यामुळे स्क्रू आणखी सैल होतो, तांबे काळवंडते आणि रोध वाढतच जातो.

येथे एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. सैल सांध्यातून वाहणारा प्रवाह नेहमीइतकाच असतो, म्हणून एमसीबी पडत नाही. वीज जमिनीकडे गळत नाही, म्हणून आरसीसीबीही पडत नाही. हा दोष कोणतेही यंत्र पकडत नाही. तो पकडतात आपले डोळे, नाक आणि कान. स्विचच्या पट्टीवर पिवळट-तपकिरी डाग, जळक्या प्लॅस्टिकचा वास, स्विच चालू असताना येणारा बारीक 'चर्र' असा आवाज किंवा पट्टीला लागणारी ऊब, यांपैकी एकही खूण दिसली तर गीझर वापरणे त्याच क्षणी थांबवावे. एकदा भाजलेला स्विच स्क्रू आवळून पुन्हा वापरू नये, तो बदलावा. काळवंडलेली तार चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापावी. छिद्रात मावत नाहीत म्हणून तारेचे काही पदर कापणे किंवा आवरणासकट तार स्क्रूखाली दाबणे, या दोन्ही चुका पुढच्या आगीची बीजे होत.

४. चार रक्षक, चार कामे

एमसीबी तारेचे रक्षण करतो, हे आपण पाहिले. तो माणसाचे रक्षण करील अशी अपेक्षा ठेवता येत नाही. शरीरातून सुमारे ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही काळ वाहिला तर श्वास आणि हृदयाची क्रिया धोक्यात येऊ शकते. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. त्या अल्प प्रवाहाच्या पाचशेहून अधिक पट. माणसाचा जीव घेणारा प्रवाह एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो.

दुसरा रक्षक डीपी स्विच. तो दोन्ही तारा तोडतो. मात्र आपण हाताने बंद केला तरच.

तिसरा रक्षक अर्थिंग. गीझरमधील तापणारी तार धातूच्या नळीत, निरोधक पुडीत बसवलेली असते. क्षारयुक्त पाण्याने नळीवर थर साचून ती फुटली, तर पाण्यात आणि गीझरच्या धातूच्या भागांत वीज उतरते. अर्थिंग पक्के असेल तर तिला जमिनीकडे जाण्याचा सुलभ मार्ग मिळतो. ते नसेल तर नळाला हात लावणारा माणूसच तो मार्ग होतो.

चौथा रक्षक आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला की नाही, याचा तो सतत ताळा पाहतो. घरगुती वापरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घेतात. एवढी तफावत पडली की तो क्षणार्धात वीज तोडतो. परंतु कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल पकडली, तर हिशेब बरोबर जुळतो आणि तो स्वस्थ राहतो. त्यावर 'टी' अक्षराचे तपासणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर आरसीसीबी पडला नाही, तर तो निकामी झाला असे समजावे. मात्र तो पडला म्हणून घरातील अर्थिंगही ठीक आहे, असा निष्कर्ष काढू नये. हे बटण अर्थिंगची परीक्षा घेत नाही.

चौघांपैकी कोणीही दुसऱ्याचे काम करू शकत नाही. एक आहे म्हणून दुसरा नको, असे म्हणता येत नाही.

पाठगत प्रश्न २
(अ) सैल स्क्रूचा दोष एमसीबी व आरसीसीबी यांना का कळत नाही?
(आ) आरसीसीबीचे बटण कशाची तपासणी करते आणि कशाची करत नाही?

५. लक्षणावरून दोषाकडे

वैद्य जसा लक्षणांवरून रोगाचा माग काढतो, तसा येथेही विचार करता येतो.

स्विचवरील लाल दिवा लागत नाही. पाणीही तापत नाही : प्रथम घरातील इतर दिवे लागतात का ते पाहावे, मग पेटीतील एमसीबी. तो पडला असेल तर एकदाच वर करावा. पुन्हा पडला तर हट्ट न धरता जाणकाराला बोलवावे.

दिवा लागत नाही, पण पाणी तापते : स्विचमधील बारीक दिवा जुना होऊन विझला आहे. दोष लहान, पण फसवा आहे. दिवा नाही म्हणून वीज नाही, असे समजण्याची चूक यातूनच घडते.

दिवा लागतो, पण पाणी थंड : वीज स्विचपर्यंत येत आहे. दोष गीझरमधील थर्मोस्टॅटमध्ये, अतितापापासून वाचवणाऱ्या कटआउटमध्ये, तापणाऱ्या तारेत किंवा पुढच्या जोडणीत असेल. वीज पूर्ण तोडून व सुटी करून मोजल्यास २,००० वॅटच्या तारेचा रोध सुमारे २६ ओहम भरतो. मीटर अनंत रोध दाखवत असेल तर ती तार तुटली आहे.

एमसीबी क्षणात पडतो : फेज व न्यूट्रल कोठेतरी एकमेकींना चिकटल्या असाव्यात. काही मिनिटांनी पडत असेल, तर भार अधिक असावा किंवा एमसीबीजवळच सांधा तापत असावा.

गीझर लावताच आरसीसीबी पडतो : वीज गळते आहे. रक्षकाने आपले काम केले आहे. त्याला काढून टाकू नये.

साधा स्विच बंद असतानाही आरसीसीबी अधूनमधून पडतो : गीझरच्या आत न्यूट्रल धातूला टेकली असण्याचा संभव आहे. साधा स्विच न्यूट्रल तोडत नाही, म्हणून दोष घराच्या मंडलात कायम राहतो. डीपी स्विच असता तर तो बंद करताच हा त्रास थांबला असता.

नळाला हात लावताच झिणझिण्या येतात : हे सर्वांत गंभीर लक्षण होय. नळाला पुन्हा हात न लावता बाहेर यावे, पेटीतील मुख्य स्विच बंद करावा आणि तपासणी होईपर्यंत घरातील कोणालाही न्हाणीघरात जाऊ देऊ नये. 'थोडेसेच लागते' असे म्हणून दिवस ढकलणे म्हणजे जिवाशी खेळणे आहे.

गीझरवरचा दिवा विझला की पाणी तापले, असे आपण म्हणतो. ते खरे आहे. परंतु तेव्हा केवळ थर्मोस्टॅटने काम थांबवलेले असते. वीज गीझरच्या दाराशी उभीच असते. म्हणून साठवणीच्या गीझरचे पाणी तापल्यावर डीपी स्विच बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे. तत्काळ पाणी तापवणाऱ्या गीझरच्या बाबतीत हे शक्य नसते. तेथे अर्थिंग आणि आरसीसीबी यांची आवश्यकता अधिकच वाढते.

६. हात लावण्यापूर्वी

स्विच उघडण्यापूर्वी जाणकार कारागीर पुढील पावले क्रमाने टाकतो :
१. डीपी स्विच बंद करतो. तेवढ्याने स्विचकडे येणाऱ्या तारा निर्जीव होत नाहीत, म्हणून पेटीतील मुख्य स्विचही बंद करतो.
२. दुसऱ्या कोणी तो चालू करू नये, म्हणून पेटीला कुलूप लावतो किंवा ठळक पाटी अडकवतो आणि घरातील सर्वांना सांगतो.
३. आपले तपासणीचे साधन वीज असल्याचे निश्चित ठाऊक असलेल्या ठिकाणी लावून ते चालते याची खात्री करतो.
४. मग स्विचमधील प्रत्येक तार तपासतो : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ.
५. शेवटी साधन पुन्हा वीज असलेल्या ठिकाणी लावून ते मध्येच बिघडले नाही ना, हे पाहतो.

शेवटचे पाऊल अनेकांना अनावश्यक वाटते. पण बिघडलेला टेस्टर आणि वीज नसलेली तार ही दोन्ही सारखीच दिसतात : दोन्ही वेळा दिवा लागत नाही. त्यांतील फरक केवळ याच पावलाने कळतो.

हे काम कोणी करावे? परवानाधारक ठेकेदार आणि पात्र कारागीर यांनीच वीजजोडणीचे काम करावे, हे तत्त्व १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होते; केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांतही ते कायम आहे. स्विचसारखी वस्तू तशाच क्षमतेची बदलण्यास त्यात मुभा आहे. परंतु मुभा म्हणजे कौशल्य नव्हे. नवी तार टाकणे, क्षमता वाढवणे, अर्थिंग करणे ही कामे पात्र व्यक्तीकडूनच करून घ्यावीत. आपले ज्ञान दोष वेळीच ओळखण्यासाठी, योग्य प्रश्न विचारण्यासाठी आणि झालेले काम पारखण्यासाठी वापरावे.

कोणाला विजेचा धक्का बसलाच, तर त्या व्यक्तीला थेट हात लावू नये. आधी मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने तिला दूर करावे. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्याचा प्रथमोपचार सुरू करावा आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

बंबाचा निखारा विझला की नाही, हे राखेवर पाणी शिंपडून पाहता येत असे. विजेचा निखारा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिच्या बाबतीत एकच नियम पाळावा : तपासून सिद्ध होईपर्यंत प्रत्येक तार जिवंतच मानावी.

आपण काय शिकलो?

• काम थांबणे आणि वीजपुरवठ्यापासून विलग होणे या भिन्न गोष्टी आहेत.
• डीपी स्विच फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा तोडतो.
• एमसीबी तारेचे रक्षण करतो; माणसाच्या रक्षणासाठी अर्थिंग व आरसीसीबी आवश्यक आहेत.
• सैल सांधा यंत्रांना कळत नाही. तो आपणच ओळखावा लागतो.

शब्दार्थ

विलग – वेगळा, पूर्णपणे सुटा. रोध – अडथळा. निरोधक – वीज वाहू न देणारा. मंडल – प्रवाहाचा पूर्ण मार्ग. खिजगणतीत नसणे – मुळीच महत्त्व न देणे. ताळा पाहणे – हिशेब जुळतो का ते तपासणे.

स्वाध्याय

१. 'धोका नाहीसा झाला नाही, तो केवळ दिसेनासा झाला.' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. २,५०० वॅटच्या गीझरला २३० व्होल्ट दाबावर किती प्रवाह लागेल?
३. एमसीबी वारंवार पडतो म्हणून शेजारी अधिक क्षमतेचा एमसीबी बसवणार आहेत. त्यांना समजावून सांगणारे आठ-दहा ओळींचे पत्र लिहा.
४. आपल्या घरातील गीझरचा किंवा विजेच्या अन्य मोठ्या उपकरणाचा स्विच न उघडता, बाहेरूनच निरखा. तो कोठे आहे, किती अँपिअरचा आहे, त्यावर डाग आहेत का, याची नोंद करा.
५. 'म्हणजे… नव्हे' ही रचना वापरून सुरक्षिततेविषयी तीन वाक्ये तयार करा.